मॅडिसनला एकच रस्ता जातो

आमच्या आयोवातल्या सीडर रॅपिड्सहून शेजारच्या विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला जायला एकच रस्ता आहे, एकशे एक्कावन्न नंबरचा महामार्ग. घरापासून चार गल्ल्या सोडून गाडी एकदा त्यावर घातली की नाकासमोर जात राहायचं. मध्ये डबक्यूच्या पुलावरून मिसिसिपी ओलांडायची, आणि तीन तासांत मॅडिसन. शाळकरी पोरालाही हे समजावून सांगावं लागत नाही. त्यामुळे शुक्रवारी संध्याकाळी ड्वेन कोपेकी स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून बसला, तेव्हा त्याची बायको मार्लिस सावध झाली.

"नकाशा कशाला काढलास?" ओव्हनमधून कोलाचेचा ट्रे काढत तिने विचारलं. जर्दाळूचा गर भरलेले हे गोड पाव ती होणाऱ्या विहिणीसाठी करत होती.

"सहज."

"रस्ता एकच आहे, ड्वेन. रस्त्याचा विचार सोड. तिथं जाऊन बोलणार काय, त्याचा विचार कर."

हे बोलणं ड्वेनला लागलं, कारण खरी काळजी तीच होती. त्यांची मुलगी टेसा मॅडिसनला राहायची. तिचं एरिकशी लग्न ठरत आलं होतं आणि एरिकचे आईवडील उद्या दुपारी तिच्याकडे जेवायला यायचे होते. मागे एकदा एका मुलाच्या आईवडिलांशी अशीच भेट झाली होती, तेव्हा ड्वेन अख्ख्या संध्याकाळी "बरंय" एवढंच बोलला होता. मुलगी पसंत नाही असा त्या लोकांनी अर्थ घेतला, आणि पुढे ते प्रकरण थंडच पडलं. ड्वेनला तर ती माणसं फार आवडली होती. आवडलं की त्याच्या तोंडाला आणखीच कुलूप लागतं. सगळा जन्म ओट्सच्या कारखान्यातल्या यंत्रांच्या घरघरीत गेला होता आणि तिथं बोलून कुणाला ऐकू येत नसे, त्यामुळे ती सवयच लागली नव्हती.

सकाळीच टेसाचा फोन येऊन गेला होता. "डॅड, तुम्ही काहीतरी बोला. काहीही चालेल. एरिक मला खरंच हवाय." तिचा आवाज कापरा झाला होता.

"राहा ना रात्री," टेसा पुढे म्हणाली होती. पण ड्वेन म्हणाला, "सकाळी येऊ, संध्याकाळी परत. दुसऱ्याच्या घरी कुठला टॉवेल वापरायचा ते कळत नाही." त्या दिवसातलं ते त्याचं सगळ्यात लांबलचक वाक्य.

गॅरेजचं दार उघडं होतं. आमच्याकडे गॅरेजचं दार उघडं असलं की शेजाऱ्याने आत यायचंच असतं, तसा व्हर्न आत आला.

"उद्या मॅडिसन?"

"हं."

"एकशे एक्कावन्ननं?"

"हं."

व्हर्नने सावकाश मान हलवली. "कॅस्केड गावाच्या पुढे रस्त्याचं काम काढलंय म्हणतात."

"कोण म्हणतं?" मार्लिसने विचारलं.

"म्हणतात," व्हर्न म्हणाला. "मी असतो ना, तर सरळ वर उत्तरेला गेलो असतो. तिथं फेरी आहे. गाडी बोटीवर चढवायची, आपण कठड्याला टेकून उभं राहायचं. नदी काय दिसते, अहाहा! अर्थात तुला जमेल तसं कर. मला काय."

आयोवातला माणूस "मला काय" म्हणाला की समजावं, त्याला फार काही आहे. ड्वेनला ते समजलं. "बरं," तो म्हणाला.

मार्लिसने ट्रे खाली ठेवला. ड्वेनचं "बरं" म्हणजे काय हे जगात तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. लग्न करू या का, असं तिनेच विचारलं होतं आणि त्यावरही तो "बरं"च म्हणाला होता. ते त्याने आजतागायत निभावलं होतं.

ती पुढे काही बोलणार, इतक्यात तिच्या भावाचा, गेलनचा फोन आला. मार्लिसने तो स्पीकरवर लावला, ही तिची चूक.

"भाऊजी, उद्या फेरीबिरीच्या भानगडीत पडू नका," गेलन म्हणाला. फेरीची गोष्ट त्याला इतक्यात कशी कळली हे विचारण्यात अर्थ नव्हता, कारण व्हर्न अंगणात फोनवर बोलत उभाच होता. "खाली दक्षिणेला जा, साबुलाच्या पुलावरून. मग इलिनॉयमधून वर. चढउतार, वळणं, काय विचारता! मी नेहमी तसाच जातो. आल्यावर सांगा कसा वाटला."

"बरं," ड्वेन म्हणाला.

फोन बंद झाल्यावर मार्लिस खुर्चीवर बसली. "दोघांना बरं म्हणालास."

"हं."

"एक वर आहे, एक खाली. आणि आपल्याला जायचंय मधून."

"हं."

"मग जाणार कुठून?"

ड्वेनने नकाशावर बोट ठेवलं. ते उत्तरेला फेरीपर्यंत गेलं, तिथून नदीच्या कडेकडेने डबक्यूवरून खाली दक्षिणेला आलं, पुलावरून पलीकडे गेलं आणि पुन्हा वर चढत मॅडिसनला पोचलं. "रविवारी चर्चमध्ये दोघंही विचारतील," तो म्हणाला.

"खोटं सांग!" मार्लिस म्हणाली. आपल्या तोंडून हे काय निघालं म्हणून तीच दचकली, आणि दोघंही झोपायला गेली.

सकाळी उजाडताच निघाले. मार्लिसने फोनमधल्या रस्ता सांगणाऱ्या बाईला चालू केलं होतं. दाराबाहेर पडल्यापासून ती बाई गोड आवाजात "उजवीकडे वळा" म्हणत होती आणि ड्वेन डावीकडे जात होता.

"सॉरी हं," मार्लिस फोनला म्हणाली.

"ती यंत्र आहे."

"म्हणून काय झालं? बिचारी कधीची सांगतेय. आता तिथं बोलायचे विषय पाठ कर. आधी हवामान, मग मासेमारी, मग त्यांच्या घराची चौकशी. म्हण बघू."

"हवामान," ड्वेन म्हणाला. मक्याची कोवळी शेतं मागे पडत राहिली. तो मनात घोकत होता आणि पुढच्या वळणावर सगळं विसरत होता. त्याला भीती वाटत होती, साधी सरळ भीती. आपल्यामुळे पोरीचं पुन्हा मोडलं तर?

फेरीच्या धक्क्यावर पाटी होती: नदीला पाणी वाढल्यामुळे आज बोट नाही. एक म्हातारं जोडपं गाडीच्या बोनेटला टेकून ती पाटी वाचत होतं.

"तुम्हालाही कुणीतरी सांगितलं वाटतं?" म्हातारी म्हणाली.

"शेजाऱ्यांनी," मार्लिस म्हणाली.

"आम्हाला जावयानं." यावर सहानुभूती म्हणून मार्लिसने डबा उघडून त्यांना कोलाचे दिले. त्यांनी आधी नको म्हटलं, मग खरंच नको म्हटलं, मग घेतले. हे सगळं रीतीप्रमाणे व्हायला बराच वेळ गेला. मग निरोप. आमच्याकडचा निरोप म्हणजे आधी "चला तर मग", मग गाडीपर्यंत चालत गप्पा, मग खिडकीतून गप्पा. अनोळखी माणसांना त्यातून सूट नाही.

"आलो तर खरं," गाडी वळवताना ड्वेन म्हणाला. "व्हर्नला सांगता येईल."

ते दक्षिणेला निघाले. डबक्यू आलं, आणि डाव्या हाताला तो पूल दिसला, एकशे एक्कावन्नचा, भला मोठा कमानीचा. गाड्या त्यावरून सुखाने विस्कॉन्सिनकडे चालल्या होत्या.

"ड्वेन, पूल."

"दिसला."

"त्यावरून जा."

"गेलन विचारेल."

फोनमधली बाईही आता काकुळतीला आली होती. "शक्य असेल तिथे गाडी वळवा," ती म्हणाली, आणि मार्लिसला वाटलं आता ही रडेल. पूल मागे पडला. मार्लिसने हात मांडीवर ठेवले, खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाली, "हे जरा वेगळंच चाललंय." आमच्याकडे यापुढची शिवी नाही. ड्वेनचे कान लाल झाले, पण गाडी दक्षिणेलाच गेली.

साबुलाचा पूल ओलांडला तेव्हा जेवायची वेळ होत आली होती. टेसाचा फोन आला.

"मॉम, कुठे आहात? सगळे आलेत."

"अगं, पोचतोच."

"पण कुठे?"

"इलिनॉयमध्ये."

"मॉम," टेसा हळूच म्हणाली, "मध्ये इलिनॉय लागतच नाही."

"डॅड बरे आहेत, काळजी करू नकोस," मार्लिस म्हणाली आणि फोन ठेवून नवऱ्याकडे वळली. "ऐक. तिथं रस्त्याचं अक्षरसुद्धा काढायचं नाही. आपल्याला वेड्यात काढतील. विचारलं तर एकशे एक्कावन्ननं आलो, वाटेत वाहतूक होती. कळलं?"

"बरं," ड्वेन म्हणाला.

पोचले तेव्हा ओव्हनमधलं चिकन वाळून गेलं होतं आणि टेसाचे डोळे पाणावले होते. एरिकचे वडील ऑर्विन उंच, पांढऱ्या भुवयांचे गृहस्थ होते. सगळा जन्म दातांचे डॉक्टर म्हणून गेलेला. समोरच्याच्या तोंडात हात घालून प्रश्न विचारायची सवय, त्यामुळे उत्तर देऊ शकणाऱ्या माणसाशी काय बोलायचं हे त्यांना उमगत नसे. त्यांची बायको सिग्ने घरून निघताना त्यांनाही काय बोलायचं ते पढवून आली आहे, हे तिच्या चेहऱ्यावरून मार्लिसने लगेच ओळखलं.

सगळे टेबलाशी बसले. काटेचमचे वाजत राहिले.

"हवा..." ड्वेन म्हणाला.

"हं," ऑर्विन म्हणाले.

हवामान संपलं. मासेमारी ड्वेनला आठवेना. सिग्नेने चिकनची स्तुती केली, मार्लिसने बटाट्यांची केली, एरिकने दोन्हींची केली. मग स्तुती करायला टेबलावर काही उरलं नाही. टेसा वडिलांकडे बघत होती. तिने काटा खाली ठेवला होता.

ऑर्विन खाकरले. "कुठल्या रस्त्यानं आलात?"

मार्लिसने ताटातल्या वाटाण्यांवर नजर खिळवली.

"एकशे एक्कावन्न," ड्वेन म्हणाला. "वाहतूक होती."

"हं."

टेसाने मान खाली घातली. ती तशी खाली गेलेली मान ड्वेन तिच्या लहानपणापासून ओळखत होता. त्याला ते सहन होईना. आयुष्यात पहिल्यांदा ड्वेन कोपेकीने आपलं "बरं" मोडलं.

"खरं सांगू?" तो म्हणाला. "आधी वर गेलो, फेरीला. बोट बंद. मग खाली आलो. साबुलाला."

ऑर्विननी चमचा खाली ठेवला. "साबुलाच्या पुलावरून?"

"हं."

"मध्ये डबक्यूला पूल होता."

"होता. बघितला."

"मग?"

"मेव्हण्याला बरं म्हणालो होतो."

मार्लिसने डोळे मिटून घेतले. ऑर्विनच्या भुवया हळूहळू वर गेल्या. "मलाही एक मेव्हणा आहे," ते म्हणाले.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "मागच्या वर्षी त्याच्या नादानं ग्रीन बेला गेलो होतो. बघा, हे मॅडिसन." आणि मार्लिसच्या डब्यात उरलेला शेवटचा कोलाचे त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला. ड्वेनने मिठाची बाटली उचलली. "हे डबक्यू धरा." लोण्याची सुरी मिसिसिपी झाली. कुठला चौक चुकीचा बांधलाय, कुठलं वळण टाळावं, कुठल्या पेट्रोल पंपावरची कॉफी प्यावी, हे दोघं एकमेकांना तोडून तोडून सांगू लागले. ऑर्विन काट्याने शॉर्टकट दाखवत होते. ड्वेन टेबलावर हात आपटत "तिथंच! तिथंच फसतो माणूस!" म्हणत होता.

"हे इतकं बोलतात?" टेसाने आईच्या कानात विचारलं.

"मला काय माहीत?" मार्लिस म्हणाली. तिला रडावं की हसावं कळेना, आणि मग ती हसली. सिग्नेही तोंडावर रुमाल धरून हसत होती.

ऊन उतरलं. शेवटी ऑर्विननी मिसिसिपी उचलून मॅडिसनचे दोन भाग केले. शेवटचा घास एकट्याने खायची आमच्याकडे रीत नाही. अर्धं मॅडिसन त्यांनी ड्वेनला दिलं. "माणूस चांगला आहे, एरिक," ते मुलाला म्हणाले. टेसाचे डोळे पुन्हा भरून आले, पण या वेळी तिने मान खाली घातली नाही.

"चला तर मग," गुडघ्यांवर थाप मारत ड्वेन उठला. "अंधाराच्या आत घर गाठू."

"जाताना एकशे एक्कावन्न नका घेऊ," ऑर्विन म्हणाले. "इथून वर उत्तरेला एक फेरी आहे. छोटी, पण फुकट."

"पण आमचं घर दक्षिणेला आहे," मार्लिस म्हणाली.

"थोडा वळसा पडतो. सकाळची बोट हुकली ना तुमची? मी पुढे गाडी काढतो, तुम्ही मागून या. अर्थात तुम्हाला जमेल तसं करा. मला काय."

मार्लिसने ड्वेनकडे बघितलं. ड्वेन तिच्याकडे बघतच नव्हता.

"बरं," तो म्हणाला.

मार्लिसने टेबलावरची गाडीची किल्ली उचलून पर्समध्ये टाकली आणि पर्सची चेन ओढली.

"टेसा," ती म्हणाली, "आम्ही कुठले टॉवेल वापरायचे, तेवढं दाखव."