खिडकीपाशी हिरवट

प्रिंटरमधून सासरे हळूहळू बाहेर येत होते. आधी टक्कल आलं, मग आठ्या, मग भुवया, आणि ऐन नाकापाशी येऊन यंत्राने कुरकुरत दम खाल्ला. जावयाने त्याच्या पाठीवर हलकेच थोपटलं. उरलेले सासरे एका झटक्यात बाहेर पडले.

"आले का अप्पा?" बायकोने आतून विचारलं.

"आले. पण कपाळावर रेघा आहेत."

"त्या त्यांच्याच आहेत."

"त्या नव्हेत गं. पांढऱ्या. शाई कुठेतरी अडकतेय."

हा जावई म्हणजे पेशाने चष्मेवाला. दिवसभर दुकानात बसून लोकांच्या नजरा तपासायचा. राहायचा स्वतःच्या फ्लॅटमध्ये, हप्तेही स्वतःच फेडलेले; पण सासरे कायमचे राहायला आले त्या दिवसापासून तो स्वतःच्याच घरात जावईबापू होऊन बसला होता. अप्पा शाळा-तपासनीस होते. निवृत्त झाले ते नोकरीतून. तपासणी सुरूच होती. जन्मभर शाळांवर जो शेरा मारला तोच आता ते घरभर मारत हिंडायचे: "सुधारणेस वाव आहे." चहाला वाव होता, पंख्याला वाव होता, जावयाच्या भांगाला तर भरपूर वाव होता. लग्नात नवऱ्या मुलाला नखशिखान्त न्याहाळून त्यांनी हेच उद्गार काढले होते, आणि तेव्हापासून बिचारा सुधारतच होता.

अशा माणसाने त्या आठवड्यात आपणहून जावयाकडे काहीतरी मागितलं. त्यांना स्वतःचा एक फोटो हवा होता. मोबाइलमधला नको, कागदावरचा, हातात धरता येईल असा, आणि काळापांढरा. कारण रंगीत फोटोत त्यांचे कान फार दिसतात. रविवारपर्यंत हवा. कशाला हवा म्हणून विचारलं तर "हवाय" एवढंच उत्तर मिळालं.

जावई हरखला. बायको म्हणाली, स्टुडिओतून छापून आणा आणि मोकळे व्हा. यावर तो उखडलाच. स्टुडिओतून आणला तर चांगला शेरा स्टुडिओला मिळणार, याला काय मिळणार? त्याला त्या तोंडून एकदा, मरण्याआधी एकदाच, वाव नसलेलं वाक्य ऐकायचं होतं. घरात प्रिंटर होता, नजर तर धंद्याचीच होती. फोटो त्याने स्वतःच काढला, अप्पांना त्यांच्या नेहमीच्या खिडकीत उभं करून. बराच वेळ अप्पा पासपोर्टला बसल्यासारखे ताठ उभे होते. मग बाहेर बघता बघता त्यांची मिशी अचानक सैल पडली आणि ते चक्क हसले. जावयाने खटका दाबला. आपल्या छायाचित्रणाला मिळालेली ही पहिली दाद, असं त्याने मनात लिहून घेतलं.

फोटो झकास आला होता. आता तो फक्त छापायचा होता, आणि तिथेच घोडं अडलं.

रेघा गेल्या तेव्हा त्याने प्रिंट टेबलावरच्या दिव्याखाली धरला. करडा कसा अगदी राखेसारखा करडा. छाती फुगवून त्याने बायकोला हाक मारली. ती ओले हात पुसत आली, प्रिंट घेऊन खिडकीपाशी गेली आणि तिथेच थबकली.

"अहो, अप्पा हिरवट दिसतायत."

म्हाताऱ्या माणसाबद्दल हा शब्द वापरायचा तर आधी आजूबाजूला बघावं लागतं. तिने बघितलं आणि आवाज उतरवला. "म्हणजे फोटोत."

जावयाला तो हिरवा काही केल्या दिसेना. चष्मा पुसून पाहिलं, दुसरा लावून पाहिलं, आणि मग दिसला तो असा दिसला की दुसरं काही दिसेनाच. झालं होतं असं की प्रिंटर काळी शाई जपून वापरत होता आणि बाकीचे रंग एकमेकांत कालवून करडा बनवत होता. असला करडा दिव्याखाली गरीब गाय असतो, उजेडात गेला की रंग दाखवतो. जावयाने त्यात लाल वाढवला. आता खिडकीत अप्पा ठाकठीक होते, पण दिवा लावला की गुलाबी व्हायचे. नुसत्या काळ्या शाईवर छापले तर चेहऱ्यावर तीळ सांडल्यासारखे ठिपके आले. चकचकीत कागदावर छापले तर शाई सुकायचं नावच घेईना. कौतुकाने अंगठा फिरवला तर अर्धी मिशी गालावर गेली. नापास अप्पांची चवड खिडकीतल्या कुंडीखाली वाढत चालली.

शेवटी त्याने तज्ज्ञांना शरण जायचं ठरवलं. एका गिऱ्हाइकाने त्याला 'कृष्णधवल मंडळी' नावाच्या एका ग्रुपात घातलं होतं. तिथली माणसं घरी फोटो छापायची आणि कागदाच्या जाडीवरून एकमेकांशी अबोला धरायची. दुकान उघडता उघडता, एका हातात कुलूप धरून, जावयाने घाईघाईने मेसेज लिहिला:

"मंडळी, मदत करा. सासरे खिडकीपाशी आले की हिरवट होतात आणि दिवा लावला की गुलाबी. डोकं दोनदा साफ करून घेतलं, उपयोग शून्य. आता त्यांचे रंगच बंद करायचा विचार आहे. रविवारपर्यंत सुधारले पाहिजेत. बायकोला तोंड दाखवायची सोय राहिलेली नाही."

डोकं म्हणजे प्रिंटरचं, ज्यातून शाई फवारली जाते ते. पण ते 'कृष्णधवल मंडळी'त सगळ्यांना ठाऊक होतं. मेसेज गेला तो त्याच्या खालच्या ग्रुपात, म्हणजे 'आपली मंडळी'त. तिथे मेव्हणी होती, साडू होता, बायकोची मावशी होती आणि एक फारसा कामधंदा नसलेला चुलतमेव्हणा होता. अप्पांना तेवढं त्या ग्रुपात घेतलेलं नव्हतं, कारण ग्रुप मुळात त्यांच्याविषयी बोलण्यासाठीच काढलेला होता.

फोन गल्ल्याच्या खणात टाकून जावई भिंगं घासायला बसला. इकडे मावशीने "अगंबाई" एवढंच लिहिलं. चुलतमेव्हण्याने विचारलं, हिरवट समजू शकतो, पण गुलाबी म्हणजे नक्की काय करतात? साडूने डोक्याच्या कोणत्या डॉक्टरांना दाखवलं ते कळवा म्हटलं. मेव्हणीने मात्र काहीच लिहिलं नाही. ती लिहीत बसणाऱ्यांतली नव्हती. तिने सरळ अप्पांना फोन लावला आणि विचारलं, "अप्पा, जावईबापू म्हणतायत ते खिडकीपाशी काय चाललंय?"

जावयाने दुपारी फोन पाहिला आणि गिऱ्हाइकाला चष्म्याशिवायच सोडून तो घरी धावला. बायको दारातच उभी होती. चेहरा असा की हसावं का रडावं हे अजून ठरलेलं नाही.

"अगं, मी शाईबद्दल लिहिलं होतं," तो धापा टाकत म्हणाला.

"माहितीये मला. ताईलाही सांगितलं. पण उशीर झाला."

ताईचा प्रश्न ऐकून अप्पांनी म्हणे आधी घसा साफ केला. मग म्हणाले, मी रविवारी सगळ्यांना सांगणारच होतो. आणि फोन ठेवून दिला. आता ताई आणि साडू रविवारी सकाळच्या गाडीने येऊन थडकणार होते.

"काय सांगणार होते?" जावयाने विचारलं.

"ते नाही बोलले. तुमच्याबद्दल मात्र बोलले. म्हणाले, जावईबापूंची नजर फार तीक्ष्ण आहे."

इतक्या वर्षांत मिळालेलं पहिलं प्रशस्तिपत्र, तेही न केलेल्या कामाचं. म्हाताऱ्याला चव्हाट्यावर आणलं याची जावयाला लाज वाटत होती, आणि फोटोसुद्धा गेला खड्ड्यात असं वाटत होतं. माफी मागायला तो दोनदा अप्पांच्या खोलीच्या दारापर्यंत गेला. दोन्ही वेळा आतून खाकरण्याचा आवाज आला आणि तो परत फिरला. माफी मागायची कशी हे काही त्याला सुचेना. फोटो तेवढा हातात होता. निदान तो तरी असा द्यायचा की त्यात कुणाला बोट ठेवायला जागा राहू नये.

मग तो हट्टाला पेटला. प्रिंटरच्या सगळ्या खोड्या एकेक करून तपासल्या, तेव्हा कळलं की यंत्राला आजवर आपण साध्याच कागदावर छापतोय असं वाटत होतं. बिनचकाकीचा जाड कागद घातला, कुठला कागद आहे ते यंत्राला खरं सांगितलं, काळ्या आणि करड्या शाईचा पर्याय निवडला, आणि छापलेल्या अप्पांना हात न लावता कपाटावर निवांत सुकू दिलं. सकाळी त्याने त्यांना खिडकीत नेलं, दिव्याखाली नेलं, मोरीतल्या मिणमिणत्या बल्बखालीसुद्धा नेलं. अप्पा कुठेही बधले नाहीत. काळा काळा होता, पांढरा पांढरा होता, आणि मधल्या सगळ्या छटा शिस्तीत रांगेने उभ्या होत्या. जावयाचे डोळे भरून आले.

रविवारी ताई आली ती पर्सही खाली न ठेवता खुर्चीत बसली. साडू तिच्या मागे, कुतूहल लपवण्याचा प्रयत्न करत. अप्पा इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि शाळा तपासायला निघाल्यासारखे मधोमध उभे राहिले. जावयाने तोंड उघडलं, "अप्पा, तो मेसेज खरं म्हणजे..." पण अप्पांनी हात वर केला.

"जावईबापूंनी जे पाहिलं ते खरं आहे," ते म्हणाले. "समोरच्या बाल्कनीतल्या ग्रंथपाल बाई. आम्ही लग्न करायचं ठरवलंय."

बाई कोण ते सगळ्यांना माहीत होतं. वाचनालयातून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या, सकाळ-संध्याकाळ झाडांना पाणी घालणाऱ्या. त्या झाडांना एवढं पाणी का लागतं हा प्रश्न मात्र कुणाला पडला नव्हता. नजर तपासणं हा ज्याचा धंदा, त्यालाही नाही.

अप्पांचा आवाज जरा खाली आला. तुमची आई गेल्यापासून मी फक्त चुकाच बघत बसलोय, ते म्हणाले; एखादी गोष्ट बघून बरं वाटतं हे विसरायला झालं होतं. ताईने पर्स खाली ठेवली. बायकोने ओढणीने डोळे टिपले.

"आणि फोटो?" साडूने विचारलं. कुणीतरी विचारायलाच हवं होतं.

"त्यांनी मागितला. आता येतीलच."

तेवढ्यात बेल वाजलीच. बाई आल्या, सगळ्यांकडे बघून शांतपणे हसल्या. जावयाने दोन्ही हातांनी तो निर्दोष प्रिंट त्यांच्या पुढे धरला. बाईंनी तो लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "पण हे जरा पुतळ्यासारखे झालेत."

आणि प्रिंट अलगद टेबलावर ठेवून त्या खिडकीपाशी गेल्या. कुंडीखालची चवड त्यांनी चाळली. ठिपक्यांचे अप्पा, पुसलेल्या मिशीचे अप्पा, गुलाबी अप्पा. अगदी तळाचा एक ओढून काढला, उजेडात धरला आणि त्यांचा चेहरा फुलला.

"हा द्या मला. अस्सेच दिसत होते. फोटो काढला तेव्हा मी समोरच पाणी घालत होते."

"तो नको," जावई कळवळून म्हणाला. "तो हिरवट आहे."

बोलून गेल्यावर त्याला आपण काय बोललो ते कळलं. साडूला ठसका लागला. ताईने छताकडे बघितलं.

"माहीत आहे मला," बाई म्हणाल्या. "इतके दिवस समोरच राहतेय."

खोलीत दिवा लावलेला नव्हता, तरी अप्पा गुलाबी झाले. कानांपर्यंत झाले, आणि कान खरोखरच फार दिसत होते. ताई आधी हसली, मग सगळेच हसत सुटले.

जावई एकटाच त्या टेबलावरच्या प्रिंटकडे बघत उभा होता. अप्पा त्याच्या शेजारी आले. त्यांनी तो प्रिंट उचलला, खिडकीकडे तिरका करून पाहिला, कडा तपासल्या, मागची बाजू पाहिली. मग बाईंच्या हातातला हिरवट फोटो पाहिला, मग जावयाला नखशिखान्त पाहिलं आणि घसा खाकरला.

"सुधारणेस," ते म्हणाले, "वाव नाही."

आणि बाईंसाठी खुर्ची आणायला निघून गेले.

किती वेळ जावई तसाच उभा राहिला असता कोण जाणे, पण बायको त्याच्या कानाशी वाकली.

"अहो, हे नक्की कुणाबद्दल म्हणाले? फोटोबद्दल, स्वतःबद्दल, की तुमच्याबद्दल?"

जावयाने विचार केला. मग विचार करायचं सोडून दिलं आणि जाऊन प्रिंटर बंद केला.