कुंपणापलीकडचे फितूर

कीड म्हणजे काय, हे अख्ख्या गल्लीत फक्त आपल्यालाच कळतं, असं चष्मेवाल्यांचं ठाम मत होतं. चष्म्याच्या काडीचे बारीक स्क्रू बसवायला दुकानात ते जे भिंग वापरत, तेच डोळ्याला लावून रोज सकाळी बागेत उतरत आणि एकेक पान उलटं करून तपासत. गिऱ्हाईक कंटाळलं तर उठून तरी जातं. पानाला तीही सोय नव्हती.

त्यांच्या बायकोचं मत थोडं वेगळं होतं. गेल्या वर्षी त्यांनी अर्धवट कुजलेलं, आतून चांगलं गरम असलेलं कंपोस्ट मोठ्या प्रेमाने कुंड्यांत भरलं होतं आणि फुलांच्या प्रदर्शनाच्या तोंडावर तिचे गुलाब उभ्या जागी होरपळले होते. पहिलं बक्षीस नेहमीप्रमाणे कुंपणापलीकडे गेलं. पलीकडे चष्मेवाल्यांच्या थोरल्या भावाचं घर, आणि तिथल्या गुलाबांच्या मालकीण म्हणजे वहिनी. दोघी जावांचं एरवी छान जमतं. फक्त गुलाबांचा विषय निघाला की त्या एकमेकींशी जरा जास्तच गोड बोलतात.

यंदा बायकोच्या पिवळ्या गुलाबाला बघत राहावं अशा कळ्या धरल्या होत्या. आणि नेमकं तेव्हाच तिला लेकीच्या आजारपणासाठी जावं लागलं. निघताना तिने साबणाच्या पाण्याची बाटली नवऱ्याच्या हातात दिली. कळ्यांवर मावा, म्हणजे कोवळ्या शेंड्यांचा रस पिणारे ते हिरवे बारीक किडे, दिसला की फवारायचं.

"एवढंच करा," ती म्हणाली. "याहून जास्त काही सुचलं, तर दुकानात जाऊन बसा."

हे कुठल्याही नवऱ्याला लागेलच. चष्मेवाल्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं, की यंदा पहिलं बक्षीस बायकोच्या हातात पडलंच पाहिजे, आणि तेही साबणामुळे नाही, आपल्यामुळे.

मावा दिसताच त्यांनी बाटली फडताळात ठेवली आणि रोपवाटिकेतून डबाभर लेडीबर्ड आणले. हे लाल, ठिपकेवाले किडे मावा खाऊन जगतात. त्यांनी कामही चोख केलं. बघता बघता शेंडे स्वच्छ झाले. चष्मेवाले दुकानात डोळे तपासता तपासता त्यांचं कौतुक सांगू लागले. समोरच्या माणसाची हनुवटी यंत्रावर टेकवलेली असल्यामुळे त्याला ऐकण्यावाचून गत्यंतर नसे.

पण ताटातलं संपल्यावर ते किडे तरी कशाला थांबतील? एका सकाळी गुलाबावर औषधालाही ठिपका सापडेना. चष्मेवाल्यांनी टाचा उंचावून कुंपणापलीकडे पाहिलं. सगळी फौज वहिनींच्या गुलाबांवर पंगतीला बसली होती. तिथे मावा भरपूर होता आणि झपाट्याने कमी होत होता.

चष्मेवाल्यांच्या पायाखालची जमीन सरकली. आणले आपण, सोडले आपण, आणि बक्षीस मिळवून देणार वहिनींना? त्यांनी बराच वेळ विचार केला, आणि घात झाला तो तिथेच. किडे जेवणासाठी गेले ना? मग जेवण इकडे मांडलं की येतील परत. आता मावा तेवढा आणायचा होता, आणि तो कुठे आहे हे त्यांना ठाऊकच होतं.

दुपारी सगळीकडे सामसूम झाल्यावर ते कात्री घेऊन मधल्या फाटकातून आत शिरले. मावा लागलेला एक शेंडा कापून हातात धरतात न धरतात तोच मागून आवाज आला.

"भावजी, माझ्या गुलाबांत काय चाललंय?"

खोटं रचायला थोडा तरी वेळ लागतो. तो मिळाला नाही.

"थोडा मावा हवा होता," ते म्हणाले. "आमच्याकडचा संपला."

वहिनींनी त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं. मग त्या आत जाऊन टोपली घेऊन आल्या. म्हणाल्या, "थोडा कशाला? सगळाच न्या की."

आणि त्यांनी तो नेऊ दिला. वहिनी खुर्ची टाकून सावलीत बसल्या, हा राहिला, तो राहिला असं बोट दाखवत राहिल्या, आणि चष्मेवाले उन्हात घाम पुसत शेंडे कापत राहिले. जाताना वहिनींनी सरबत दिलं आणि पुन्हा लागला तर संकोच करू नका, असंही सांगितलं.

ते शेंडे चष्मेवाल्यांनी बायकोच्या गुलाबाला नाजूक हाताने बांधले. माव्याला नवं घर फारच मानवलं. त्याचा गोड चिकटा चाटायला मुंग्या आल्या, आणि त्या इतक्या इमानी निघाल्या, की चुकून एखादा लेडीबर्ड परत आलाच तर त्याला पिटाळून लावू लागल्या. साबण फवारावा, तर परतणारे किडे मरतील. आज येतील, उद्या येतील, असं म्हणत चष्मेवाले वाट बघत बसले.

आली ती बायको. पिवळ्या कळ्या मुडपून चिकट झाल्या होत्या, आणि फडताळात बाटली काठोकाठ भरलेली होती. चष्मेवाल्यांनी काही न लपवता सगळं सांगितलं. ती पायरीवर बसून राहिली, रागावली नाही, आणि त्याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

प्रदर्शनात पहिलं बक्षीस वहिनींना मिळालं. चार शब्द बोलायला सांगितल्यावर त्यांनी भर उन्हात राबलेल्या आपल्या धाकट्या दिरांचे मनापासून आभार मानले. टाळ्या झाल्या. सगळ्या गल्लीने वळून चष्मेवाल्यांच्या बायकोकडे पाहिलं. तीही हसून टाळ्या वाजवत होती, जरा जास्तच गोड.

नंतर दोघं बक्षीसवाल्या गुलाबापाशी गेली. एका पाकळीवर एक लाल ठिपकेवाला ऐटीत बसला होता. चष्मेवाल्यांना राहवेना. खिशातून भिंग काढून त्यांनी तो नीट पाहिला आणि बायकोच्या कानाशी लागले.

"बघ, हा आपला आहे."

"ओळखला मी," बायको म्हणाली. "खाऊन-पिऊन आपल्या घरचा, आणि राबायला पलीकडे. तुम्ही दोघेही अगदी सारखे."

चष्मेवाल्यांनी भिंग खिशात घातलं.