तेलाच्या डब्यातलं शेत

हिराआत्या माती खातात. म्हणजे गिळत नाहीत, पण चिमूटभर जिभेवर ठेवतात, डोळे मिटून चव घेतात आणि मग चूळ भरतात.

पेणला या बिल्डिंगमध्ये राहायला आले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तुळशीसाठी मातीची पिशवी आणली होती. जिन्यात दम खायला थांबले, तेवढ्यात वरून उतरणाऱ्या एका म्हातारीने पिशवीत बोट घातलं, जिभेला लावलं आणि निकाल दिला, "गोडी हाय. लाव खुशाल." मी शाळेत शिकवणारी बाई. दिवसातून दहा वेळा हात धुते, मुलांनाही धुवायला लावते. मला शिसारीच आली!

"आत्या, अहो, जंतू असतात त्यात."

"तू आमटीचं मीठ बघतेस का नाय? तसंच हाय ते."

आत्यांचं सगळं आयुष्य वडखळजवळच्या खारेपाटात गेलं. बांधाच्या एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला भातशेती. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरायचं. म्हणून पेरण्याआधी माती खारी की गोडी, हे चाखून बघायची सवय. पुढे नवरा गेला, शेत विकलं गेलं आणि धाकटा दिनेश, जो डोलवीला कंपनीत शिफ्टला जातो, तो आईला इथे दुसऱ्या मजल्यावर घेऊन आला. आत्यांनी सगळी शेतीच घरात आणली.

फ्रीजमधला भाजीचा ट्रे काढून त्यात मेथी पेरली. भाजी ठेवायला ट्रे उरला नाही, तर म्हणाल्या, "ताजी खुडायची सोडून गार कशाला करायची?" फुटक्या पातेल्यात कोथिंबीर, बाथरूममध्ये मोरीच्या कडेला अळू. आणि हॉलमध्ये वालाचा वेल! तो खिडकीच्या गजांवरून पडद्याच्या दांडीवर आणि तिथून थेट पंख्यावर. एकदा मी घामाघूम होऊन बटणाकडे हात नेला, तर आत्या अशा किंचाळल्या की मला वाटलं शॉकच बसतोय.

"हात लावू नको गो! फुलोऱ्यावर आलाय तो!"

बिचारा दिनेश शिफ्ट करून यायचा आणि वर्तमानपत्राने वारा घेत झोपायचा.

इथपर्यंत मला गंमत वाटायची. माझं भांडण होतं ते त्यांच्या खिडकीतल्या तेलाच्या डब्याशी. त्यात काहीच लावलेलं नव्हतं, नुसती काळी माती. तरी रोज सकाळी आत्या त्यात तांब्याभर पाणी ओतायच्या, तेही नळाचं नाही, पिंपात साठवलेलं पावसाचं. डब्याला खालून भोकं. ओघळ थेट खालच्या मजल्यावरच्या माझ्या खिडकीच्या कट्ट्यावर आणि वाळत घातलेल्या साड्यांवर. वाळला की पांढरा थर धरायचा. मी रोज तो पुसायची आणि रोज वर जाऊन भांडायची.

"रिकाम्या डब्याला कसलं पाणी घालता, आत्या?"

"ते तुला नाय कळायचं."

अशी दोन वर्षं गेली. तिसऱ्या पावसाळ्यात आत्यांना ताप आला. पंधरा दिवस अंथरुणाला खिळल्या. उठल्या, पण तोंडाची चव गेली ती गेलीच. गणपती गेल्यावर एका सकाळी माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातात वाटी, वाटीत माती.

"चाख."

"मी?"

"माझ्या जिभेला आता काय कळत नाय गो. दिनेशला दिली, तर त्यानं न चाखताच सांगितलं गोडी हाय म्हणून. मला बरं वाटावं म्हणून बोलला तो."

मग सगळं बाहेर आलं. शेवटचा बांध फुटला तेव्हा शेतात मीठच मीठ झालं. नवरा म्हणाला होता, तीन पावसाळे दम काढा, पावसानं धुऊन जमीन गोडी होते. पहिल्या पावसाळ्यानंतर तो गेला. पोरांना दम निघाला नाही. जमीन विकायच्या आदल्या दिवशी आत्यांनी बांधाच्या कडेची डबाभर माती उचलली. पदराच्या गाठीत पुडी होती. नवऱ्याने निवडून ठेवलेलं भाताचं बियाणं.

"जुनं झालंय. यंदा नाय पेरलं तर मरंल. आन् खाऱ्या मातीत पेरलं तरी मरंल."

मी माती जिभेवर ठेवली. खरंच ठेवली. पण मला काय कळणार, डोंबल! उगाच गोडी म्हणायला तोंड उघडलं आणि एकदम तो पांढरा थर आठवला. माझ्या कट्ट्यावर दोन वर्षं उतरत होतं ते त्यांच्या शेतातलं मीठ! आणि मी मेली ते रोज पुसत होते.

"यंदा पांढरं दिसतंय का गो?" आत्यांनी विचारलं.

"मी बघितलंच नाही, आत्या. हल्ली ओलं असतानाच पुसते."

"मग नको पुसू."

आठ दिवस मी फडक्याला हात लावला नाही. माझ्यासारखीला ती शिक्षाच होती. आत्या रोज पाणी ओतायच्या, ओघळ यायचा, उन्हात वाळायचा. नवव्या दिवशी त्या खाली आल्या. कट्ट्यावरून बोट फिरवलं, चष्म्याजवळ नेलं, मग माझ्यासमोर धरलं. नुसती तपकिरी धूळ.

"पांढरं नाय ना?"

"नाय, आत्या," मी म्हणाले. माझ्याही तोंडात त्यांचंच 'नाय' आलं.

त्या कठडा धरून हळूहळू वर गेल्या. पुढचे काही दिवस आम्ही दोघी जिन्यात भेटलो तरी त्या डब्याचा विषय काढत नव्हतो. त्यांनी पुडीतला एकेक दाणा बोटाने दाबून बसवलाय, एवढं दिनेशकडून कळलं.

रविवारी मी कपडे वाळत घालत होते. वरून हाक आली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. आत्या गजांना गाल लावून खाली बघत होत्या.

"अगो मास्तरीण, वर ये! ह्यांचं शेत उगवलं!"