वानराची वाफनळी आणि एकसारखी बॅटरी

वैशाख शुद्ध पंचमी. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, सकाळी आठलाच खूर भाजतील असे ऊन. अशा दिवशी, मुलांनो, एका जंगलात एक वानर खोकला आणि एकतीस चितळे पाणी न पिताच पळत सुटली.

वानराच्या खोकल्याला एवढे काय घाबरायचे, असे तुम्ही विचाराल. सांगतो.

त्या जंगलात उन्हाळ्यात एकच पाणवठा उरे. सगळ्यांनी तिथेच प्यायचे. वाघही संध्याकाळी तिथेच यायचा, पण त्याचे नुसत्या पाण्यावर भागत नसे. म्हणून काठावरच्या अर्जुनाच्या झाडावर तुळाजी नावाचा वानर पहाऱ्याला बसे. गवतात पट्टे हलले की तो वरून खाकरायचा, "खक्! खक्!" वानराचा इशारा असाच असतो, खोकल्यासारखा. तो ऐकला की चितळांनी शेपट्या वर करायच्या आणि सुटायचे.

त्या कळपात चिंगूताई नावाची एक पोक्त मादी होती. लहानपणी दगडांत अडकून तिचा मागचा उजवा पाय अधू झाला होता. इतरांना वाघापासून सुटायला सात उड्यांचे अंतर पुरे. चिंगूताईला बारा लागत. त्यामुळे तुळाजीचे खाकरणे इतरांसाठी सोय होती. चिंगूताईचा तर जीवच त्यावर अवलंबून होता.

आता झाले काय, की त्या वर्षी उदाजी नावाच्या उदमांजराने उंबराखाली वाफनळ्यांचे दुकान मांडले. वाफनळी म्हणजे बॅटरीवर चालणारी, ओढायची नळी. आत गोड अर्क असतो आणि तो तापवायला तार. ओढले की धुरासारखी वाफ येते. तुळाजीने जांभळाच्या स्वादाची एक घेतली. पाणवठ्याच्या सौरपंपाशेजारी एक डबा होता, त्यात तो ती चार्जिंगला लावी. सकाळी बॅटरी तुडुंब भरलेली असे. एक झुरका घेतला की एवढी वाफ उठे, की तुळाजीचे डोळे पांढरे होत.

"खक्! खक्!"

चितळे पळत.

पंचमीला सगळी पळाली, ती अर्ध्या कोसावर जाऊन थांबली. चिंगूताई लंगडत लंगडत परत झाडाखाली आली.

"तुळाजीभावजी, वाघ कुठंय?"

"वाघ नाही ताई," तुळाजी डोळे पुसत म्हणाला. "जांभूळ आहे."

"अहो, मग ओढता कशाला ते?"

"तुमचं बरं आहे. खाली मान घालायची, पाणी प्यायचं. मी दिवसभर नुसतं बघत बसायचं. काहीच झालं नाही, तर माझं काम चांगलं झालं. असलं काम एकदा करून बघा, मग बोला."

चिंगूताई डोक्याने शांत होती. ती रोज कान देऊन ऐकू लागली. सकाळी भरल्या बॅटरीवर तुळाजीचा खोकला मोठा येई. दुपारी बॅटरी उतरे, वाफ पातळ होई, खोकलाही बारीक होई. संध्याकाळी तर नुसते 'खुक्'. मग तिच्या लक्षात आले, की संध्याकाळी खणखणीत 'खक्' ऐकू आले, तर ते वाफेचे असूच शकत नाही. तेवढी वाफ त्या वेळी नळीत नसतेच. ते वाघाचेच.

पंधरा दिवसांत वाघ दोनदा आला. दोन्ही वेळा सगळ्यांत आधी चिंगूताई सुटली. दोन्ही वेळा वाघ पाणी पिऊन गेला.

पण कळपाला सकाळची पळापळ सोसवेना. वैशाख वद्य पंचमीला कळपाचे म्होरके शिंगरावदादा यांनी सभा बोलावली.

"हे काय चाललंय?" ते म्हणाले. "सकाळी पहारेकरी ढगासारखा गडगडतो आणि संध्याकाळी उंदरासारखा चिरकतो. कामात काही सातत्य?"

"माझा दोष नाही, दादा," तुळाजी म्हणाला. "बॅटरीचा आहे."

हे सगळ्यांना पटले. उदाजी पुढे आला. त्याने दोन नळ्या दगडावर मांडल्या.

"बघा मंडळी. तुळाजीकडे आहे ती ही, साधी. हिची बॅटरी थेट तारेला जोडलेली. बॅटरी भरलेली तर वाफ दांडगी, उतरली तर मरतुकडी. वर कधीकधी तापते, हात भाजतो. आणि ही बघा, नियंत्रित. हिच्यात नखाएवढी चकती आहे. डोकं ती चालवते. बॅटरी भरलेली असो की निम्मी, तारेला ताकद ठरलेलीच जाणार. शेवटच्या झुरक्यापर्यंत वाफ एकसारखी. संपली की दिवा लुकलुकतो आणि गप्प."

"म्हणजे खोकलाही एकसारखा?" चिंगूताईने विचारले.

"एकदम एकसारखा. सकाळी आत्तापेक्षा जरा कमी, संध्याकाळी आत्तापेक्षा जरा जास्त. कुणाचीच तक्रार नाही."

"पण मग वाघ आलेला ओळखायचा कसा?"

शिंगरावदादांनी शिंगे हलवली.

"ताई, आजचा विषय बॅटरी आहे. वाघाचा विषय आपण वेगळा घेऊ."

मागून एक म्हातारे सांबर म्हणाले, "मी काय म्हणतो, पहाऱ्याच्या वेळेपुरतं त्याचं ओढणंच बंद केलं तर?"

"तोही विषय आज नाही," दादा म्हणाले. "साधी की नियंत्रित, एवढंच बोला."

मग साळबा मास्तरांकडे परीक्षा सोपवण्यात आली. साळबा मास्तर म्हणजे साळिंदर. मोठा काटेकोर प्राणी. त्यांनी स्वतःचे चार काटे उपटले, एकावर एक बांधले आणि वाफेची उंची मोजायची पट्टी केली. सात दिवस त्यांनी दोन्ही नळ्या आलटून पालटून तपासल्या. रोज दोनशे झुरके. सगळे झुरके तुळाजीने घेतले. ज्ञानासाठी आपण छातीचा विचार करणार नाही, असे तो म्हणाला.

चिंगूताई दुसऱ्या दिवशी मास्तरांकडे गेली.

"मास्तर, त्या तक्त्यात एक रकाना वाघाचाही घाला ना."

"घातला असता हो," मास्तर खरेच हळहळले. "पण मोजायचा कसा? वाफ बोलावली की येते. वाघाचं तसं नाही."

वद्य त्रयोदशीला निकाल वाचला गेला. साधी नळी: पहिल्या झुरक्याला वाफ चार काटे, शंभराव्याला दोन, दोनशेव्याला अर्धा. नियंत्रित नळी: पहिल्याला अडीच, शंभराव्याला अडीच, दोनशेव्याला अडीच.

टाळ्यांना खूर कमी पडले. चतुर्दशीपासून तुळाजीच्या हाती नियंत्रित नळी आली.

आणि खरेच सांगतो मुलांनो, उदाजीने फसवले नाही. सकाळी अडीच काटे वाफ, दुपारी अडीच, संध्याकाळी अडीच. सकाळी 'खक्', दुपारी 'खक्', संध्याकाळी 'खक्'. पहिल्या दिवशी चितळे प्रत्येक वेळी पळाली. दुसऱ्या दिवशी निम्मी पळाली. चौथ्या दिवशी कोणीच पळेना. पाणी पोटभर मिळू लागले. अंगावर तकाकी आली. शिंगरावदादांनी भर पाणवठ्यावर साळबा मास्तरांचे आभार मानले.

पळत होती फक्त चिंगूताई. तिला बारा उड्या लागत ना! वर 'खक्' झाले की ती तोंडातला घोट टाकून सुटायची.

"निघाली बघा आमची वाऱ्याची लेक!" तरणी चितळे ओरडायची.

"चिंगूआत्या, आधी बॅटरी बघ, मग पळ गं!"

शिंगरावदादांनी तिला बाजूला घेऊन समजावलेही. "ताई, वयाला शोभत नाही. पोरं हसतात. तपासून घेतलेली वस्तू आहे ती."

"हसू देत, दादा. तुम्हाला सात उड्या लागतात."

असे अकरा दिवस चालले. दिवसातून वीस वेळा पळायचे, वीस वेळा लंगडत परत यायचे. अधू पाय सुजून खांबासारखा झाला. शेवटचे दोन दिवस तर तिच्या पोटात धड चार घोट गेले नव्हते.

बारावा दिवस. ज्येष्ठ शुद्ध दशमी. आभाळ ढगाळ, पाऊस नाही, वारा नाही. संध्याकाळी कळप पाणवठ्यावर आला. चिंगूताई सगळ्यांच्या मागून आली आणि पाण्यात पुढचे पाय घालून उभी राहिली. पाणी गार होते.

"खक्! खक्!"

सवयीने ती वळली. मागच्या पायातून अशी कळ गेली, की तिथेच थांबली. वर पाहिले. पानांतून वाफ निघत होती. काही झाले नाही. तिने एक घोट घेतला. किती दिवसांनी पाणी घशाखाली सावकाश उतरत होते.

थोड्या वेळाने पुन्हा, "खक्! खक्!"

चिंगूताईने मान वर केली. कान टवकारले. आवाज मघासारखाच होता. तेवढाच मोठा, तेवढाच लांब. तिने शिंगरावदादांकडे पाहिले. त्यांनी तोंडही वर काढले नव्हते.

"खक्! खक्! खक्!"

"जांभूळ," शेजारचे एक तरणे चितळ पाणी पिता पिता म्हणाले.

वरच्या पानांतून या वेळी वाफ आली की नाही, हे तिला ढगाळ उजेडात नीट दिसले नाही. तिने पाय जरा सैल सोडला आणि पुन्हा मान खाली घातली.

त्या संध्याकाळी पाणवठ्यावर एकतीस चितळे गेली. तीस परत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी साळबा मास्तरांनी नळी तपासली. बॅटरी अडतीस टक्के शिल्लक. वाफ अडीच काटे.

तात्पर्य: मुलांनो, वाफनळी घ्यायचीच तर नियंत्रितच घ्यावी. साधीची बॅटरी दुपारपासून ढेपाळते. नियंत्रितची शेवटपर्यंत एकसारखी चालते. खात्री हवी असेल तर त्या तीस चितळांपैकी कोणालाही विचारा.