पुरिंगबाईसाहेबांनी पांढरा दीपबुरूज सर केला त्याची हकीकत

ज्याचे पोटी रत्ने व वादळे एकत्र नांदतात त्या समुद्रासी वंदून, आणि माउली मारियेचे पायी मस्तक ठेवून, पूर्वेकडील बेटांच्या मुलुखी इलोकोस किनारी जे घडले ते यथास्थित लिहिले असे. वाचणाराने हसो नये. न राहवल्यास पदर तोंडास लावावा.

ऐसियास, दरसाल ईस्टर सरताच आग्पालो घराण्याने जीपनी नामे तिकडील लांबट प्रवासी मोटार भरून कूच करावे, स्पॅनिश अमदानीचा एकेक दीपबुरूज चढून जावा, माथ्यावर समस्तांनी उभे राहून फोटो घ्यावा आणि तो दिवाणखान्यात टांगावा, ही वहिवाट. भिंत भरत आली. परंतु एकाही फोटोत थोरल्या कन्या पुरिंगबाईसाहेब नव्हत्या. कारण की, पायथ्याशी भाताचे पातेले आणि तळल्या डुकराची टोपली ऐसी रसद राहे, आणि भोवती कुत्र्यांचा व शेरडांचा दंगा. तेव्हा राखणीस विश्वासू माणूस पाहिजे, आणि बाईसाहेबांइतके विश्वासू दुसरे कोण, ऐसे गौरवून सर्वांनी त्यांस खाली बसवावे. मग उतरल्यावर धाकट्या भगिनी दियोना यांनी दरसाल एकच खबर द्यावी, की वर काही नाही, नुसते पाणी.

यंदा दक्षिणेचा पांढरा बुरूज. किनाऱ्यावरील हाच शेवटला; हा सर जाहला की मोहिमा बंद. बाईसाहेबांचे गुडघे तर आधीच फितूर. परंतु त्यांनी पहाटेस बूट घट्ट आवळले, आणि कोणासी चकार शब्द काढला नाही.

मुक्काम पडताच दियोनांचे यजमान वेन्सेस्लाव, जे उभी हयात हवाई बेटांत चाकरी करून पेन्शनीनिशी परतले आणि तेवढ्यावरून सेनापती जाहले, त्यांनी फर्माविले की मानांगने सालाबादप्रमाणे राखण करावी. थोरल्या बहिणीस तिकडे सारे मानांगच म्हणत. मग बाईसाहेब उठल्या, भाताचे पातेले कमरेवर घेतले आणि थेट जिन्याकडे निघाल्या.

"मानांग, अगं पातेलं कुठे नेतेस?" दियोना ओरडल्या.

"वर. राखण कर म्हणालात ना? मी जिथे, तिथे भात."

ऐकोन फौजेची गाळण उडाली. भात गेला त्या वाटे जाणे प्राप्त, आणि उरली रसद कुत्र्यांस सोपवणे अशक्य. सबब प्रत्येकाने एकेक डबा उचलला, आणि खुद्द सेनापती मांसाची टोपली डोईवर घेऊन पिछाडीस लागले.

जिना लोखंडी, नागमोडी आणि अरुंद. पातेले दोन ठायी अडकले. उतरणारी परकी मंडळी आडवी येत. त्यांसी अन्न हाती असता "या जेवायला" म्हणणे भाग, आणि त्यांनी "आत्ताच झालं" म्हणणे भाग. एरवी हा तह एका शब्दात उरके. परंतु बाईसाहेबांनी प्रत्येकास जातीने आग्रहावर आग्रह केला, कारण तेवढीच गुडघ्यांस उसंत. मग एका विद्यार्थ्याने खरेच जेवतो म्हटले, आणि बाईसाहेब सुखाने पायरीवर बसून त्यास वाढत्या जाहल्या.

ऐसे करीत माथा हाती आला. वारा ऐसा की उभे राहणे मुश्कील. तेथे सेनापतींनी फोन काढिला, आणि हुकूम केला की मानांगचा हात स्थिर, सबब फोटो मानांगनेच काढावा.

बाईसाहेबांनी हात पुढे केला, सवयीने. इतक्यात दियोनांनी यजमानांचा फोन हिसकोन घेतला, पातेल्यावर झाकणाशी टेकून उभा केला आणि म्हणाल्या, "आज फोटो भात काढेल. मानांग, मधे ये."

समस्त मधे दाटले. फोन टिकटिक करू लागला. बाईसाहेबांची नजर मात्र पाठीमागील समुद्राकडे वळली ती वळलीच.

"दियोना, तू तर म्हणायचीस वर काही नाही."

"मग काय सांगू? तू खाली बसलेली असायचीस."

येणेप्रमाणे पांढरा बुरूज फत्ते जाहला. आपल्याकडील हानी: सेनापतींची हवाईची टोपी, वाऱ्याने समुद्रार्पण. भात माथ्यावरच संपला. फोटो दिवाणखान्यात मध्यभागी टांगिला. त्यात सारे घराणे पातेल्याकडे पाहून हसते, आणि बाईसाहेबांचा फक्त अंबाडा दिसतो. दुसरा काढू, ऐसी पुष्कळांनी विनंती केली. हाच राहील, ऐसा बाईसाहेबांचा निवाडा. लेखणीची हद्द येथवर. पुढे नुसते पाणी.