दोन काचांच्या आतला ढावलो

आईचा आवाज गिऱ्हाइकाला मापासारखा दाखवणारा पोरगा तुम्ही कुठं पाहिलाय का? मी पाहिलाय. तो माझ्याच पोटचा आहे. योगेश नाव त्याचं, औंढ्याला बस स्टँडच्या मागं खिडक्यांचं दुकान आहे. साध्या खिडक्या नव्हेत, आवाज अडवणाऱ्या. दोन जाड काचा, मधी हवा कोंडलेली, कडेनं रबर. दुकानात कुणी आलं की हा सांगतो, "डीजे, ट्रॅक्टर सोडा हो. आमच्या याडीचा आवाज ह्या खिडकीतून बाहेर पडत न्हाई!"

याडी म्हणजे आई. म्हणजे मी, जमनाबाई. चौथीत शाळा सोडली, पण आवाज सोडला नाही. मी बांधावरून हाक मारली की सिद्धेश्वरच्या धरणात जाळं टाकणारा माणूस मान वळवतो.

आमच्या तांड्यात लग्न ठरलं की नवरीची आई मांडवाचं मागून बघते, आधी माझ्या दारात येते. कारण आमच्या नवरीला सासरी जाताना ढावलो म्हणावा लागतो. रडत रडत गायचं आणि गात गात रडायचं, सोपं काम नाही ते. चाळीस वर्षं मी पोरींना शिकवतेय. मी नुसता सूर लावला तर दगडासारखे वरबाप रुमाल शोधायला लागतात. आणि असला आवाज हा पोरगा काचेनं अडवणार!

नमुना म्हणून त्यानं तसली एक खिडकी माझ्याच खोलीला बसवली. दारालाही रबर लावलं. मला वाटलं, आईची काळजी. कसली काळजी? गिऱ्हाईक आणून दाखवायला सोय. पण तीन महिने झाले तरी गिऱ्हाईक काही येईना. शेवटी योगेशनं ठरवलं, आता एक हिंगोलीचं काम तेवढं बघायचं. ते गेलं तर दुकानाला कुलूप आणि बायकापोरांना घेऊन पुण्याच्या कंपनीत. माझी दोन्ही नातवंडं घेऊन! तेव्हापासून माझ्या घशाखाली भाकर उतरेना.

हिंगोलीचं काम म्हणजे भीमराज सरांची अभ्यासिका. परीक्षेचा अभ्यास करणारी पोरं तिथं दिवसभर बसतात आणि समोरच मंगल कार्यालय. लग्नसराईत पोरं पुस्तक धरून नाचायला लागतात म्हणे. सर रविवारी सकाळी खिडकी पाहायला तांड्यावर आले.

मी मनाशी ठरवलं होतं, आज बेतानं गायचं. आवाज हरला तर हरला, नातवंडं राहतील. पण सरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि योगेशला हळूच म्हणाले, "मावशींचं आता वय झालंय. त्यांच्या आवाजावरून काय कळणार?"

संपलं. नातवंडं, दुकान, पुणं, सगळं माझ्या डोक्यातून उडालं.

"तुमी बाहीर उभे ऱ्हावा, सर," म्हटलं. "अन् रुमाल काढून ठेवा."

खोलीत गेले, दार लावलं, खिडकीशी उभी राहिले, एक हात कपाळाला लावला आणि बेंबीच्या देठापासून ढावलो सोडला. छताचा पंखा हलला. डोळ्यांतून आपोआप धारा. पण बाहेर सर शांत उभे, जसं काही मी जांभई देतेय.

तेवढ्यात माझी जाऊ रूपाबाई डोक्यावर घागर घेऊन समोरून गेली. तिनं खिडकीत मला पाहिलं, घागर खाली ठेवली आणि ऊर बडवत रडायला लागली. मला हत्तीचं बळ आलं. काच फुटली म्हणायची! मी आणखी वरचा सूर धरला. मग भागूबाई आली, तीही रडायला लागली. मग निता, मग तिची सासू. बघता बघता तीस बाया एकमेकींच्या गळ्यात पडून रडायला लागल्या. बाप्ये टोप्या काढून खाली बसले. मी आतून एकेकीकडे बघत गात होते. चाळीस वर्षांत असा ढावलो रंगला नव्हता.

खरं काय झालं ते मागून कळलं. रूपाबाईला माझं एक अक्षरही ऐकू आलं नव्हतं. तिला दिसलं ते एवढंच की जमना खिडकीत रडतेय, आवाज फुटत नाही, दार बंद. आमच्यात बाई रडताना दिसली की आधी सोबत रडायचं, काय झालं ते नंतर विचारायचं. नंतरचं विचारायला दार बंद, म्हणून रूपाबाईनं अंदाज केला. आमचे मालक थावरा सकाळपासून दिसत नव्हते. गेले!

मालक मेथी आणायला औंढ्याला गेले होते. ते गाडीवरून आले, दारात गर्दी पाहिली, खिडकीत मला रडताना पाहिलं आणि मेथीची पिशवी मांडीवर घेऊन तेही बाप्यांत बसून रडायला लागले.

बाहेरच्या रडण्यानं सरांचे कान फाटायला आले. ते दार उघडून माझ्या खोलीत घुसले. दार उघडल्याबरोबर पहिल्यांदा मला बाहेरचं ऐकू आलं. रूपाबाई ओरडत होती, "आगं बाई, दादा! तुमी तर मेलेले हाव की!"

"कवा?" मालक म्हणाले. "मला काहून सांगितलं न्हाई कुणी?"

आता ते जिते सापडले म्हणून बायांनी रडणं नव्यानं सुरू केलं.

सरांनी मागं दार लावलं. "मावशी, एक मिनिट थांबा," म्हणाले. मी थांबले. सर माझ्या खाटेवर बसले. खिडकीत तीस तोंडं उघडी, पण खोलीत फक्त पंख्याची घरघर.

"योगेश," बाहेर येऊन ते म्हणाले, "तुम्ही खिडकी उलटी तपासत होता. माझी पोरं आत बसणार, गोंगाट बाहेर. एवढा गोंगाट तर कार्यालयात पण नसतो. अठरा खिडक्या पाहिजेत. दारांनाही असंच रबर लावा."

पुणं गेलं उडत. सगळ्या तांड्याला चहा झाला. मालकांना दोन कप, कारण ते मरणातून उठले होते.

योगेश हसत हसत माझ्या पाया पडला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "याडी, आता तरी मान. तुहा आवाज हरला. एक अक्षर बाहीर आलं न्हाई."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. घसा पार बसला होता, दोन घोट चहा घेतल्याशिवाय शब्द फुटेना. मग मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, "येड्या, तुह्या दुकानाची काळजी मला हाय म्हणून तर आज मी लई हळू म्हणले."