सरदार ओनेझीमचा निरोप

रूआँ गावचा पाववाला ओनेझीम वरच्या मजल्यावरच्या चित्रकाराला पाव द्यायला म्हणून गेला आणि सरदार होऊन बसला. चित्रकार ग्रासियाँ जुन्या काळच्या सरदार-राण्यांची जलरंगातली चित्रं काढायचा. पॅरिसात सध्या त्यांचं वेड होतं. पण सरदार म्हणून बसणारा माणूस आज उगवलाच नव्हता.

"लढाईला निघालेला सरदार राणीचा निरोप घेतोय. घटकाभर गुडघ्यावर बसा, भाऊ," म्हणत ग्रासियाँनं नाटकवाल्यांकडून आणलेलं पत्र्याचं चिलखत त्याच्या पोटावर कसंबसं आवळलं. राणीच्या खुर्चीत ग्रासियाँची बहीण क्लेमांस होती. ओनेझीमनं लाजत तिचा हात धरला.

घटका सरली आणि ओनेझीमचा गुडघा धरला.

"अहो, पाव जळतायत," खालून बायकोचा, अर्मांदचा आवाज आला.

"मला उठता येत नाहीये."

"का? कुणी धरून ठेवलंय?"

ओनेझीमनं हातातल्या हाताकडं पाहिलं. "तसं काही नाही," तो म्हणाला. तेवढ्यानंच अर्मांद जिना चढून वर आली.

दारातच ती थबकली. लग्नाची मागणी घालतानासुद्धा हा माणूस गुडघ्यावर बसला नव्हता. पिठाच्या पोत्यावर बसून विचारलं होतं.

क्लेमांस दचकून उठली. तिच्या झग्याचा घोळ लागून ब्रश धुवायचं भांडं चित्रावर कलंडलं. सरदार वाचला, राणीचं तोंड मात्र वाहून गेलं. "मी पाव काढते," म्हणत क्लेमांस खाली पळाली.

कागद टिपता टिपता ग्रासियाँ रडकुंडीला आला. "उद्या गिऱ्हाईक यायचंय. आता राणी कुठून आणू?"

अर्मांदनं कमरेचं फडकं सोडलं आणि खुर्चीत बसली. "धरा हात," ती नवऱ्याला म्हणाली.

"वहिनी, चेहरा जरा दुःखी करा. सरदार परत येईल की नाही, सांगता येत नाही."

"मग भट्टी कोण पेटवणार?"

"राणीला भट्टी नसते, वहिनी. तिला हाच काय तो एक आहे."

अर्मांदनं खाली पाहिलं. चिलखताच्या कडेनं पोट बाहेर आलेलं, भुवयांवर पीठ. लढाईत हा दुपारच्या जेवणापर्यंतही टिकला नसता. तिचे डोळे भरून आले, आणि मग थांबेचनात.

ओनेझीम घाबरला. "अगं, मी कुठंही जात नाहीये."

"गप्प बसा," ती नाक पुसत म्हणाली. "एकदाचे गुडघ्यावर बसलात, तर नीट रडू तरी द्या."